मोजणाऱ्यांचं गाव



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांची हयात भूगोल शिकवण्यात गेली. त्यांच्या नावाने बोलायला उभं राहायचं तर नकाशा उघडल्याशिवाय सुटका नाही. म्हणून आज तुम्हाला नकाशाच्या अगदी वरच्या कडेला घेऊन जातो. उत्तर ध्रुव म्हटला की मराठी माणसाला आधी लोकमान्य आठवतात. वेद रचणाऱ्यांचं मूळ घर आर्क्टिक प्रदेशात होतं, असं मांडणारा त्यांचा ग्रंथ १९०३ साली निघाला. तो वाद आज मी उकरून काढणार नाही, तेव्हा मागच्या रांगेतल्यांनी निर्धास्त बसावं. (हशा) लोकमान्यांनी हजारो वर्षांपूर्वीच्या आर्क्टिकचा विचार केला. मला आजच्या आर्क्टिकबद्दल बोलायचं आहे.

स्वालबार्ड हा नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखालचा द्वीपसमूह. त्यातल्या स्पिट्सबर्गन या मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोंग्सफियोर्ड नावाच्या खाडीकाठी नी-ओलेसुंद नावाची वस्ती आहे. अक्षांश ७८ अंश ५५ मिनिटं उत्तर. ध्रुव तिथून सुमारे १,२०० किलोमीटर. हिवाळ्यात तीस-पस्तीस माणसं, उन्हाळ्यात शंभरावर. ऑक्टोबरच्या शेवटी मावळलेला सूर्य फेब्रुवारीपर्यंत क्षितिजावर येत नाही, आणि एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत मावळायचं नाव घेत नाही. इथे कोणी पिढ्यान् पिढ्या राहत नाही. माणसं येतात, मोजतात आणि पुढच्याच्या हाती काम सोपवून जातात.

ही माणसं काय मोजतात? कशासाठी? इतक्या देशांची माणसं एकाच गल्लीत कशी नांदतात? आणि आपला त्याच्याशी काय संबंध? या चार प्रश्नांच्या क्रमानेच मी बोलणार आहे. पण सगळ्याच्या मुळाशी एकच म्हणणं आहे, ते आधीच सांगून टाकतो. विज्ञानात शोध लावणाऱ्याचा सत्कार होतो, नोंद ठेवणाऱ्याचा होत नाही. आणि पृथ्वीचं हवामान बदलतं आहे हे आपल्याला ठामपणे कळलं, ते वर्षानुवर्षं न कंटाळता नोंद ठेवणाऱ्यांमुळे.

आधी थोडा इतिहास. हे गाव वसलं ते कोळशासाठी. नॉर्वेतल्या ओलेसुंद शहराच्या काही व्यापाऱ्यांनी १९१६ मध्ये इथे खाणीची कंपनी काढली. खाणीत एकामागून एक अपघात झाले. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी स्फोट झाला आणि २१ खाणकामगार गेले. खाण तोवर सरकारी मालकीची झाली होती. सुरक्षेकडे दुर्लक्ष झाल्याचा ठपका सरकारवर आला आणि ऑगस्ट १९६३ मध्ये पंतप्रधान आइनार गेरहार्डसेन यांचं सरकार अविश्वास ठरावावर पडलं. ध्रुवाजवळच्या एका खेड्याने राजधानीतलं सरकार घालवलं! खाण कायमची बंद झाली, घरं ओस पडली.

त्याआधी हे गाव जगाला एकदा माहीत झालं होतं, ते साहसासाठी. मे १९२६ मध्ये आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले हे ध्रुवप्रवासी ‘नोर्गे’ या हवाई जहाजातून इथून निघाले आणि १२ मे रोजी ध्रुवावरून गेले. हवाई जहाज बांधून ठेवायचा लोखंडी मनोरा गावाबाहेर अजून उभा आहे. दोन वर्षांनी नोबिलेंचं ‘इटालिया’ बर्फावर कोसळलं, आणि त्यांच्या शोधाला विमानाने निघालेले आमुंडसेन परत आलेच नाहीत. ध्रुवावर पहिला झेंडा कोणाचा, हा त्या काळाचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचं उत्तर एकदा मिळालं की संपतं. खाण बंद झाल्यावर इथे आलेल्या माणसांनी जे प्रश्न आणले, ते असे एकदा विचारून संपणारे नव्हते.

१९६७ मध्ये युरोपच्या उपग्रहांशी संपर्क ठेवणारं केंद्र इथे सुरू झालं. १९६८ पासून नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने बारमाही संशोधनाला हात घातला. १९९०च्या दशकात जर्मनी, जपान, ब्रिटन, इटली, फ्रान्स आले. पुढे दक्षिण कोरिया, चीन आणि भारत. कोळशाच्या कंपनीचीच पुढे गावाची व्यवस्था पाहणारी सरकारी कंपनी झाली. कोळसा जाळून वातावरणात काय साठलं, ते कोळसा काढणाऱ्या गावातच मोजलं जाऊ लागलं. हा योगायोग मी रंगवून सांगत नाही. तो आहेच तसा.

आता पहिला प्रश्न, मोजतात काय? यादी लांब आहे. मी हवा, बर्फ आणि पाणी ही तीनच नावं घेतो.

हवेपासून सुरुवात करू. गावाच्या पाठीशी झेपेलिन नावाचा डोंगर आहे. त्यावर ४७४ मीटर उंचीवर एक वेधशाळा आहे. छोट्या रोपवेच्या पाळण्यातून तंत्रज्ञ वर जातो. खाली गाव असताना वर कशाला चढायचं? कारण गावात जनरेटर आहेत, गाड्या आहेत, स्वयंपाकघर आहे. दूर देशांतून वाहत आलेली हवा मोजायची तर आधी आपल्याच धुरापासून लांब जायला हवं. बाटलीत हवेचा नमुना भरतानाही एक पथ्य असतं. वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे आपलाच उच्छ्वास बाटलीत जात नाही. आपण सोडलेल्या श्वासात दर दहा लाख भागांत साधारण चाळीस हजार भाग कार्बन डायऑक्साइड असतो. आणि इथे पकडायचा असतो एक-दोन भागांचा फरक! एका माणसाच्या एका श्वासाने दिवसाचा आकडा वाया जातो.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतलं हे प्रमाण दहा लाखांत सुमारे २८० भाग होतं. २०१२च्या वसंतात आर्क्टिकमधल्या अनेक केंद्रांवर ४०० चा आकडा ओलांडला गेला. झेपेलिन त्यातलंच एक. हा आकडा एका दिवसाचा असता तर त्याला काय अर्थ होता? उन्हाळ्यात उत्तर गोलार्धातली जंगलं कार्बन शोषतात, आकडा उतरतो. हिवाळ्यात पुन्हा चढतो. हे चढउतार ओळखून, बाजूला काढून, खालून सरकणारी वाढ दाखवायची, तर वर्षामागून वर्ष तीच हवा, त्याच शिस्तीने मोजावी लागते.

आणि ही हवा गुपितंही फोडते. २००६च्या वसंतात पूर्व युरोपातल्या शेतकऱ्यांनी शेतं साफ करण्यासाठी आगी लावल्या. तो धूर हजारो किलोमीटर प्रवास करून इथे पोचला. मे महिन्यात झेपेलिनवर तोवरच्या सर्वाधिक प्रदूषणाची नोंद झाली. जिथे कारखाना नाही, शेत नाही, तिथे समोरचे डोंगर धुरकट दिसू लागले. डीडीटीसारखी कीटकनाशकं आणि विद्युत उपकरणांत पूर्वी वापरली जाणारी पीसीबी ही रसायनं इथे कधी बनवली गेली नाहीत. तरी ती इथल्या हवेत सापडतात आणि ध्रुवीय अस्वलांच्या चरबीत साठतात. उष्ण प्रदेशात त्यांची वाफ होते, थंड प्रदेशात ती खाली उतरतात.

इथे दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे ‘कशासाठी?’चं, उत्तर मला ठासून सांगायचं आहे. १९८७च्या माँट्रियल कराराने ओझोनला खाणाऱ्या वायूंवर बंदी आणली. २००१च्या स्टॉकहोम कराराने अशा चिवट विषांवर. सह्या झाल्या, छायाचित्रं निघाली. पण करार पाळला जातो आहे की नाही, हे कोण सांगणार? सही करणारा सांगेल? त्याच्यावर विश्वास ठेवायचा? हवा खोटं बोलत नाही. बंदी आलेल्या मुख्य क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचं प्रमाण हळूहळू उतरतं आहे, हे झेपेलिनसारख्या वेधशाळांच्या नोंदींतून दिसतं. म्हणजे करार लागू पडला. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड चढतेच आहेत, हेही त्याच नोंदींतून दिसतं. म्हणजे तिथे अजून करायचं राहिलं आहे. देखरेख म्हणतात ती याला.

आता बर्फ. गावाजवळ ऑस्त्रे ब्रोगरब्रेन आणि मिद्त्रे लोवेनब्रेन या दोन लहान हिमनद्या आहेत. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून दरवर्षी त्यांचा ताळेबंद मांडला जातो. पद्धत इतकी साधी की ऐकून निराश व्हाल. हिमनदीत खोल भोक पाडून दांडे रोवायचे. हिवाळा सरताना जायचं, सळई खुपसून नवा हिम किती साठला ते पाहायचं. उन्हाळा सरताना पुन्हा जायचं आणि दांडा बर्फाबाहेर किती उघडा पडला ते फुटपट्टीने मोजायचं. हिवाळ्यातली जमा, उन्हाळ्यातला खर्च. हिमनदीचं पासबुकच म्हणा ना. या पासबुकात जवळजवळ प्रत्येक वर्षाची शिल्लक उणे आहे. एका वर्षाची उणे शिल्लक हा अपघात असू शकतो. पन्नासहून अधिक वर्षांची असू शकत नाही. आणि हे म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? खांद्यावर बंदूक टाकून, अस्वलावर नजर ठेवत, दरवर्षी त्याच दांड्यांपाशी जाऊन फुटपट्टी लावणाऱ्या माणसांनी.

तिसरं पाणी. पश्चिम स्पिट्सबर्गनच्या बाजूने अटलांटिकचा कोमट प्रवाह उत्तरेकडे जातो. एरवी हिवाळ्यात तो खाडीच्या बाहेरून निघून जायचा. २००६च्या हिवाळ्यात तो कोंग्सफियोर्डमध्ये आत शिरला, आणि तेव्हापासून खाडीत हिवाळ्यात पूर्वीसारखा पक्का बर्फ क्वचितच धरतो. पाण्याबरोबर त्यातला जीवही बदलतो. सूक्ष्म प्लवकांच्या थंड पाण्यातल्या चरबीदार जातींऐवजी कोमट पाण्यातल्या लहान जाती वाढतात, अटलांटिकचा कॉड मासा आत येतो. त्या चरबीदार प्लवकांवर पिल्लं वाढवणाऱ्या समुद्रपक्ष्यांना मग त्याच पोटासाठी जास्त फेऱ्या माराव्या लागतात. आपल्या कोळीबांधवांना हे समजवावं लागणार नाही. पाणी बदललं की मासळी बदलते, हे त्यांना कुठल्याही प्रयोगशाळेआधी कळतं.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. इतके देश इथे एकत्र कसे नांदतात?

पॅरिसमध्ये ९ फेब्रुवारी १९२० रोजी स्वालबार्डचा करार झाला. सार्वभौमत्व नॉर्वेला, पण सह्या करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तिथे मासेमारी, खाणकाम, व्यापार यांचा समान हक्क, आणि युद्धासाठी वापराला बंदी. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचंही नाव त्या करारावर आहे. आपण तिथे उपरे नाही आहोत, शंभर वर्षांपूर्वीचे सहीदार आहोत. गंमत म्हणजे वैज्ञानिक संशोधनाच्या अटी पुढे वेगळ्या कराराने ठरवाव्यात, असं त्यात लिहिलं होतं. तो करार आजतागायत झालेला नाही! मग काम चालतं कसं? यजमान नॉर्वेचे नियम, आणि १९९४ पासून तिथल्या संस्थांच्या व्यवस्थापकांची एक समिती. कोण काय मोजतो, याचा मेळ समिती बसून घालते. जेवण सगळ्यांचं एकाच खानावळीत. घरांना कुलूप लावत नाहीत, कारण अस्वल मागे लागलं तर जवळचं कुठलंही दार उघडायला हवं.

सगळ्यांत कडक नियम मात्र शांततेचा आहे. रेडिओलहरींच्या शांततेचा. गावाभोवती २० किलोमीटरच्या परिसरात २ ते ३२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवानगीशिवाय काहीही प्रक्षेपित करायचं नाही. म्हणजे वायफाय बंद, ब्लूटूथ बंद. खिशातला फोनसुद्धा विमानातल्यासारखा मुका करून ठेवायचा. का? कारण तिथल्या भूमापन वेधशाळेच्या मोठ्या अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या, क्वेसार नावाच्या रेडिओस्रोतांकडे कान लावून बसलेल्या असतात. जगभरच्या अशा अँटेना एकाच वेळी तोच क्वेसार ऐकतात, आणि लहर कुठे किती आधी पोचली यावरून पृथ्वीचं फिरणं आणि खंडांचं सरकणं मिलिमीटरच्या हिशेबात कळतं. बर्फाचं ओझं कमी झाल्याने स्वालबार्डची जमीन दरवर्षी काही मिलिमीटर वर उचलली जाते आहे, हेही या मोजमापातूनच दिसतं.

हे ऐकताना तुमच्यापैकी कोणाला अलिबाग आठवलं का? आठवायला हवं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्याकडून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ कुलाब्याच्या वहीत उतरलं आणि आजही जगभरचे अभ्यासक ती नोंद काढून पाहतात. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेमुळे चुंबकीय नोंदी बिघडणार. मग काय केलं? नानाभाई मूस हे त्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्या काळात अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्या बांधकामात लोखंड टाळलं गेलं. आणि १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चाललं. कशासाठी हा दुहेरी खर्च? जुनी नोंद नव्या नोंदीला बिनचूक जोडता यावी म्हणून. श्रोतेहो, अखंड नोंदीची किंमत समजलेली माणसं आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी होती. नी-ओलेसुंदच्या लोकांकडे आपण आश्चर्याने पाहायचं कारण नाही.

मात्र एक भाबडेपणा टाळू या. ‘विज्ञानाला सीमा नसतात’ हे वाक्य भाषणात शोभतं. प्रत्यक्षात चीनच्या ‘पीत नदी’ केंद्राच्या दाराशी दोन दगडी सिंह बसवले गेले, आणि सिंह काही हवा मोजत नाहीत. (हशा) उद्या आर्क्टिकमधून जहाजांचे मार्ग खुले झाले, तेल-खनिजांचे वाद पेटले, तर ‘आम्ही इथे आहोत’ हे दाखवायला केंद्र उपयोगी पडतं. म्हणूनच नॉर्वेचा आग्रह असतो की काम देशांच्या पाट्यांखाली न होता विषयांनुसार एकत्र व्हावं. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि आर्क्टिकभोवतीच्या देशांच्या आर्क्टिक परिषदेचं कामकाज थांबलं. आर्क्टिकच्या किनाऱ्याचा साधारण निम्मा भाग रशियाचा. तिथल्या नोंदी बाहेरच्यांना मिळेनाशा झाल्या, तर आर्क्टिकचं चित्र अर्धंच उरतं. भांडण माणसांचं, आणि भोक पडतं नोंदीला.

आता शेवटचा प्रश्न. यात आपण कुठे आहोत?

ऑगस्ट २००७ मध्ये पाच भारतीय शास्त्रज्ञांची पहिली तुकडी नी-ओलेसुंदला आली. १ जुलै २००८ रोजी ‘हिमाद्री’ हे आपलं केंद्र सुरू झालं. त्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. २०१३ मध्ये आर्क्टिक परिषदेत भारताला निरीक्षकाचं स्थान मिळालं. २०१४ च्या जुलैमध्ये कोंग्सफियोर्डच्या पाण्यात ‘इंडआर्क’ ही नांगरलेली वेधशाळा सोडली गेली. सुमारे १९० मीटर खोल पाण्यात एका उभ्या दोरावर उपकरणं, आणि ती तापमान, क्षारता, प्रवाह टिपत राहतात. मार्च २०२२ मध्ये सरकारने आर्क्टिक धोरण जाहीर केलं.

पण माझ्या मते या सगळ्यापेक्षा महत्त्वाची तारीख डिसेंबर २०२३ ची आहे. तोवर ‘हिमाद्री’त वर्षातले साधारण सहा महिनेच माणसं असायची. त्या डिसेंबरात पहिली हिवाळी तुकडी गेली. त्याआधी काळोखाच्या, थंडीच्या महिन्यांत तिथे आपलं माणूस नसे. आणि आर्क्टिकमध्ये तापमान सर्वाधिक चढतं आहे ते नेमकं हिवाळ्यातच! एरवी कोरडा हिम पडावा अशा दिवसांत आता अधूनमधून पाऊस पडतो, तो गोठून जमिनीवर कवच धरतो आणि रेनडिअरना खालचं शेवाळ-गवत मिळत नाही. हे उन्हाळ्यात जाऊन कसं कळणार?

‘आमच्याकडे एवढे प्रश्न असताना तिकडे कशाला?’ हा प्रश्न दरवेळी येतो, आणि तो रास्त आहे. दोन उत्तरं देतो. पहिलं समुद्राचं. तरंगणारा समुद्री बर्फ वितळल्याने पाण्याची पातळी जवळजवळ वाढत नाही. वाढते ती जमिनीवरच्या हिमनद्या आणि ग्रीनलँडची हिमचादर वितळल्याने. ते पाणी ज्या महासागरांत जातं, त्यांच्याच काठावर मुंबई आहे, रत्नागिरी आहे, पणजी आहे. दुसरं पावसाचं. गोव्याच्या केंद्रातल्या संशोधकांनी नॉर्वेच्या सहकाऱ्यांबरोबर २०२१ मध्ये एक शक्यता मांडली. उन्हाळ्यात आर्क्टिकच्या कारा समुद्रावर बर्फ कमी राहिला, की वरच्या वातावरणात उठणाऱ्या लाटा आशियापर्यंत पोचतात. त्यात तापलेल्या अरबी समुद्राची बाष्पभर पडली, तर सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टी होण्याची शक्यता वाढते. शक्यता, बरं का; सिद्धान्त नव्हे. सप्टेंबरच्या पावसात उभं सोयाबीन कुजलेलं ज्याने पाहिलं आहे, त्याला ही शक्यता तपासून हवी असेल. आणि ती तपासणार कशाने? १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलं, हे कळलं ते दशकांच्या नोंदींवरून. मॉन्सूनशी त्याचा धागा आहे की नाही, हेही तशाच लांबलचक नोंदींवरून ठरेल. मधली दहा वर्षं गहाळ असतील, तर कुठलाही संगणक ती भरून देणार नाही.

सारांश सांगतो. एक, वातावरणाचे करार खरोखर पाळले जातात का, हे सांगणारा साक्षीदार म्हणजे दीर्घ नोंद. दोन, ही नोंद एका देशाला परवडणारी नाही आणि एकट्याने ठेवून उपयोगाचीही नाही. ती वाटून घ्यावी लागते, त्यासाठी वायफाय बंद ठेवण्याइतकी शिस्त लागते. तीन, भारताने तिथे पाय रोवला हे चांगलं झालं. आता खरी परीक्षा तो पाय हिवाळ्यात आणि अर्थसंकल्पाच्या तंगीत टिकतो का, याची.

म्हणून श्रोत्यांकडे माझं मागणं आहे. एखाद्या संशोधन केंद्राने यंदा नवा शोध कोणता लावला, हे आपण नेहमीच विचारतो. त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावू या. यंदा नोंद तुटली तर नाही ना? पदं रिकामी तर नाहीत? बिघडलेलं उपकरण दुरुस्त झालं का? आकडे लोकांसाठी खुले आहेत का? हे ‘हिमाद्री’ला विचारा, अलिबागला विचारा, आणि आपल्या तालुक्याच्या पर्जन्यमापकाबद्दल, निरीक्षण विहिरीतल्या पाण्याच्या पातळीबद्दलही विचारा. आमदारांना विचारा, खासदारांना विचारा. धरण बांधलं की उद्घाटन करता येतं. पर्जन्यमापक चाळीस वर्षं बिनचूक चालला तर कोणी फीत कापत नाही. पण पुढचं धरण किती उंच बांधायचं, हे त्या चाळीस वर्षांच्या वहीवरूनच ठरतं.